उठा म्हणेपर्यंत

मुलाच्या आईने पाचव्यांदा किटली पुढे केली तेव्हा अक्कांनी कपावर आडवा हात धरायला हवा होता. त्यांनी धरला नाही. चहा कपाच्या काठापर्यंत आला आणि अक्का कसंनुसं हसून म्हणाल्या,

"अहो, कशाला एवढं?"

"एवढं कुठे? घ्या, गार होईल."

अक्कांनी घेतला. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून पाच मिनिटं झाली होती. त्या आल्या होत्या चारला.

अक्का म्हणजे चौकातल्या लॉन्ड्रीच्या मालकीण. सव्वीस वर्षं इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहून काढलेली बाई. बसणं हा प्रकार त्यांना जेवणापुरताच ठाऊक. आज मात्र लेकीसाठी बसायचं होतं. लेकीने दोन वर्षांच्या ओळखीनंतर या घरातला मुलगा पसंत केला होता. समाज वेगळा, रीतभात वेगळी, पण माणसं लाखमोलाची, असं ती सांगायची. "आधी तू एकटी जाऊन ये, आई. मोठ्यांचं मोठ्यांत होऊ दे. मी दुकान बघते," हेही तिचंच म्हणणं. मुलगा कामावर गेलेला. त्यामुळे बैठकीच्या खोलीत तिघंच होते: अक्का, मुलाची आई, आणि बस चालवून निवृत्त झालेले मुलाचे वडील, जे दर अर्ध्या तासाला एक वाक्य बोलत.

कामाचं बोलणं पहिल्या तासातच आटपलं होतं. मुलाची नोकरी, लेकीचं शिक्षण, लग्न साधंच करायचं, सगळ्यावर तिघांच्याही माना डोलल्या. मग हवापाणी झालं, गुडघे झाले, भाज्यांचे भाव झाले, आणि पुन्हा गुडघे झाले. अक्का वाट बघत होत्या. त्यांच्या लोकांत पाहुणा आपणहून उठत नसतो. घरातल्या बाईने "उठा आता" म्हणायचं, मगच उठायचं. सोयरिकीच्या बैठकीत तर होकार त्या दोन शब्दांतच असतो. कुणी न सांगता उठलं, तर तुमचं घर आम्हाला नको, असा त्याचा सरळ अर्थ. अक्कांच्या थोरल्या बहिणीची सोयरीक अशीच मोडली होती. शेवटची गाडी चुकेल म्हणून वडील उठले, आणि त्यानंतर वर्षभर आई त्यांच्याशी धड बोलली नव्हती.

तेव्हा अक्का काही उठणार नव्हत्या. पण ही माणसं उठवायचं नावच काढत नव्हती. यांना नकार द्यायचाय आणि तो तोंडातून निघत नाहीये का? की लेकीत काही खोट दिसली? सहा वाजता त्यांनी स्वतःची समजूत घातली की प्रेमाने थांबवतायत. साडेसहाला ती समजूत पटेनाशी झाली. पायांना मुंग्या आल्या होत्या. त्या कधी उजवा पाय डाव्यावर टाकत, कधी डावा उजव्यावर. चार कप चहा केव्हाच खाली उतरला होता. बाथरूमचं दार अगदी समोर होतं, पण तिथे जायचं म्हणजे उठणं आलं, आणि कशासाठी उठलात हे रीत विचारत नाही.

मुलाच्या आईचंही चित्त थाऱ्यावर दिसत नव्हतं. ती सारखी आतल्या खोलीत जाई. जाताना बशीत बिस्किटं नेई, येताना बशी रिकामी. आत कुणी म्हातारं, अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, असं अक्कांनी धरलं होतं. आपणहून विचारणं बरं दिसलं नसतं.

घड्याळाकडे बघायची चोरी, त्या दोघांच्या तोंडाकडे तरी किती बघणार? म्हणून अक्का गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत बसल्या. दोन शर्ट, एक चादर, एक फ्रॉक, मोजे. शर्टांना खांद्यावर चिमटे लावले होते. आता तिथे टोकं येणार आणि इस्त्रीने ती मोडता मोडणार नाहीत. अक्कांचा जीव वरखाली होऊ लागला. कुठेही गेलं तरी त्यांना आधी चिमटा दिसे, मग कपडा, आणि कपडा कुणाचा हा विचार सर्वांत शेवटी. त्या बघत राहिल्या ते बघतच राहिल्या.

"ताई," मुलाची आई एकदम म्हणाली. तिने किटली खाली ठेवली आणि हात पदराला पुसले. "तुमचं लक्ष गेलंय. कळतंय आम्हाला."

अक्का ओशाळल्या. "तसं काही नाही हो. मेली सवयच आहे. असं काही दिसलं की मला राहवत नाही."

"बोला की. बोलायचा तुमचा हक्कच आहे."

"तीन तास थांबल्यात त्या," मुलाचे वडील म्हणाले. ते सरळ होऊन बसले होते. "आपण तोंड उघडावं म्हणूनच थांबल्यात. सांगून टाक आता."

मुलाच्या आईने सांगून टाकलं. खाली बघत, एका दमात.

"फ्रॉक आमच्या नातीचा आहे. मुलाचं आधी एक लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. बाई निघून गेली, पोर आमच्याकडे राहिली. सात वर्षांची आहे. तुमच्या लेकीला पहिल्यापासून सगळं माहीत आहे. आईला मीच सांगेन, म्हणाली होती. सांगितलं की नाही, ते आम्हाला कळेना. तुम्ही विषय काढला नाहीत म्हणून पोरीला आत बसवून ठेवली. म्हटलं, तासाभराचा प्रश्न आहे. पण तुम्ही काही उठेनात. तेव्हा ओळखलं, यांच्या कानावर गेलंय आणि यांना ते आमच्याकडून ऐकायचंय."

अक्कांच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. त्यांना राग आला, आणि तो साधासुधा नव्हता. मुलावर नाही, समोरच्या दोघांवरही नाही. लेकीवर. रोज टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून दोघी मायलेकी चादरींच्या घड्या घालत होत्या, चार टोकं जुळवत होत्या, आणि पोरीने एवढी गोष्ट पोटात ठेवली. दोन वर्षं. त्यांना वाटलं, उठावं आणि चालू लागावं. त्या घटकेला उठण्याचा जो अर्थ झाला असता, तोच त्यांना म्हणायचाही होता. त्यांनी बाजूची पर्स मांडीवर ओढून घेतली.

तेवढ्यात आतलं दार धाडकन उघडलं. दोन वेण्यांची एक मुलगी, गुडघे जुळवलेले, ओठ आवळलेले, तुरुतुरु खोली ओलांडून बाथरूममध्ये शिरली. आतून कडी लागली.

तिघं मोठी माणसं नळाचा आवाज ऐकत बसली.

"चारपासून आत आहे?" अक्कांनी विचारलं.

"पावणेचारपासून."

"अहो, मग मला सांगायचं नाही का? सरळ जा म्हणायचं!"

मुलाच्या आईचे डोळे विस्फारले. "पाहुण्याला जा म्हणायचं? ताई, आमच्यात पाहुण्यासमोर घड्याळाकडे नुसतं बघितलं तरी त्याला हाकलल्यासारखं होतं. तो बसलाय तोवर त्याचा कप रिकामा राहता कामा नये. जायचं ते त्याने त्याच्या मनाने."

"आणि आमच्यात तुम्ही उठा म्हणेपर्यंत उठायचं नाही."

मुलाच्या वडिलांनी कपाळावर हात मारून घेतला. मग ते हसायला लागले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे पुन्हा तेच! तुमच्या लेकीची पहिल्या दिवशी हीच गत झाली होती. दुपारची आलेली पोर, दिवे लागले तरी बसलेली. ही आपली वाढतेय, ती आपली खातेय. शेवटी मुलाने विचारलं तेव्हा उलगडा झाला. केवढे हसलो होतो सगळे! आता कशी, तिच्या मनाला येईल तेव्हा उठते नि जाते. तुम्हाला सांगितलं नाही तिने?"

"नाही," अक्का म्हणाल्या.

लेक विसराळू नव्हती. दुकानात आलेल्या दोनशे कपड्यांत कुणाच्या शर्टाचं कितवं बटण तुटलंय, हे ती चिठ्ठी न बघता सांगायची. यांच्या घरात कुणी उठवत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि आपली आई उठवल्याशिवाय उठत नाही हेही ठाऊक होतं. तू एकटी जाऊन ये, म्हणाली होती. अक्का पर्स घट्ट धरून बसून राहिल्या. स्वतः सांगायची पोरीची छाती झाली नव्हती, एवढी ती आपल्याला भीत होती. याचं मात्र त्यांना रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

बाथरूमची कडी निघाली. मुलगी ओले हात झटकत बाहेर आली, तिने आजीकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं आणि अक्कांसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही लॉन्ड्रीवाली आजी ना?"

अक्कांना आजवर कुणी आजी म्हटलं नव्हतं. असं परस्पर म्हटलेलं त्यांना मुळीच आवडलं नाही. आवडलं नाही, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"मावशीने, तुमच्या मुलीने. ती म्हणाली, कुठलाही डाग असू दे, तुम्ही काढता. हा बघा ना." मुलीने बाही पुढे केली. मनगटापासून वर शाईचा पसरलेला डाग होता.

अक्कांनी बाही दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवली. "पाणी लावून चोळलंस ना?"

"आजीने चोळलं."

"मीच चोळलं," मुलाची आई पुटपुटली, "खोटं नाही बोलत ती."

"चोळायचं नसतं शाईला," अक्का म्हणाल्या. "पसरते." बाही त्यांनी लगेच सोडली नाही. दुसऱ्या हाताने पर्स उघडून फोन काढला. लेकीने पहिल्याच रिंगला उचलला.

"आई?"

पलीकडे इस्त्रीची वाफ फुसकन सुटली आणि थांबली.

"आई, भेटली का ती?"

"भेटली. समोर उभी आहे." अक्कांनी आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवला. "तुझ्याशी काय बोलायचं ते मी घरी गेल्यावर बोलेन. आणि पुष्कळ बोलेन."

"बोल ना. पण आई, मी—"

"आधी ऐक. शटर ओढ आणि इकडे ये. मला उठा म्हणणं या दोघांना जन्मात जमायचं नाही. आपल्यात ते घरातल्या बाईनेच म्हणावं लागतं. तू येऊन म्हण."

पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला.

"आणि रमतगमत येऊ नकोस," अक्का म्हणाल्या. "पाच कप चहा झालाय माझा."