चौथ्या ओळीतले दोन सात

चौथ्या ओळीत दोन सात होते. सुग्रीवरावांनी चष्मा काढून बनियनला पुसला आणि पुन्हा लावला. सात दोनच राहिले. दोन्ही त्यांच्याच हातचे, निळ्या पेनाचे.

सुडोकूचा नियम तसा शाळकरी आहे. नऊ आडव्या ओळी, नऊ उभ्या रांगा आणि त्यातच तीन बाय तीनचे नऊ चौकोन. एक ते नऊ आकडे प्रत्येक ओळीत, प्रत्येक रांगेत आणि प्रत्येक चौकोनात एकेकदाच यायचे. छापील आकड्यांना हात लावायचा नाही. बेरीज नाही, वजाबाकी नाही. अंबड आगारात एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाने यात चुकायला नको होतं.

रिटायर माणसाचा टाइमपास म्हणून गल्ली हसायची. पण रोज सकाळचं हे कोडं म्हणजे सुग्रीवरावांनी स्वतःची घेतलेली परीक्षा होती. केदारखेड्याच्या कारभारीदादाचं, त्यांच्या थोरल्या भावाचं, असंच सुरू झालं होतं. आधी चहा दोनदा मागायचे. मग शेताची वाट चुकले. शेवटी घरच्यांनी बाहेरून कडी घातली. "बैलं उपाशी हायेत, उघडा रे," असं दादा आतून ओरडत होते, आणि बैलं दहा वर्षांपूर्वीच विकलेली होती. सुग्रीवराव तेव्हा दाराबाहेर उभे होते. त्यांनीही कडी काढली नव्हती.

त्यांनी एका सातवर रेघ मारली आणि बाजूला बारीक सही केली. एसटीच्या कागदावर गिरवागिरवी चालत नसे. चुकलं तर एकच रेघ, आणि शेजारी सही. मग पेपराची घडी करून नेहमीसारखी गादीखाली सरकवायला गेले, तर तिथला जुन्या पेपरांचा गठ्ठाच गायब.

"ह्या पेपरावर एवढ्या सह्या कशाला केल्या हो?" बायनाबाई गठ्ठा घेऊन दारात उभ्या होत्या.

"ठिव तिथं."

"पार खालच्यावर एक हाये. कालच्यावर नऊ."

बायनाबाईंना वाचता येत नव्हतं. मोबाइलने आकडे शिकवले होते आणि बचत गटाने सही. पण चाळीस वर्षं नवऱ्याचा चेहरा वाचणाऱ्या बाईपासून लपवायचं तरी काय?

"डोकं साथ देऊन न्हाई राह्यलं," सुग्रीवराव म्हणाले. "दादासारखं होऊन राह्यलं. तू मला कडी तर न्हाई घालणार ना?"

बायनाबाईही घाबरल्या होत्या. पदराने तोंड पुसून त्या शेजारी बसल्या.

"सोमवारी जालन्याला डॉक्टरला दाखवू. मी येते संगं. आन् हे काय असतंय ते मला शिकवा."

"तुला?"

"आकडेच हायेत ना?"

मग त्यांनी शिकवलं. "आडवं पाह्य, उभं पाह्य, मंग चौकोनात पाह्य. कुठंच तो आकडा नसंल आन् दुसरा बसत नसंल, तरच लिहायचा. अंदाजानं बिलकुल न्हाई."

सोमवारी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पुढच्या महिन्यात बोलावलं आणि आशा वाटेल असं काही बोलले नाहीत. मंगळवारी सकाळी सुग्रीवराव पुन्हा पेपर घेऊन बसले. तासाभराने त्यांनी पेन टोपण लावून ठेवला.

"झालं. बराबर जमलं आज."

बायनाबाईंनी पेपर मांडीवर घेतला. बोट आडवं फिरलं, उभं फिरलं, चौकोनात फिरलं आणि थांबलं. एका चौकोनात दोन पाच होते. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ते समाधानाने चहा पीत होते.

बायनाबाईंनी पेनाचं टोपण काढलं. हाताने लिहिलेल्या पाचवर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी, ओठ दाबून, एकेक अक्षर जुळवत सही केली.

"चुकलं का?" सुग्रीवरावांचा कप हवेतच राहिला.

"एक चुकलं. सही केली मी."

त्यांनी पेपर ओढून घेतला. एका आकड्याच्या तेवढ्याशा घरात 'बायनाबाई' मावलं नव्हतं. नाव कोड्याची चौकट ओलांडून शेजारच्या बातमीवर गेलं होतं.