पाव पाव लस

ओरुरो शहराच्या बाजारात एलेउतेरिओ कुणाची टोपी उडवल्याशिवाय राहायचा नाही. आज मात्र जनावरांच्या दवाखान्यात तो कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. त्याच्या शेजारीण निकानोराच्या मांडीवर, त्यानेच लस टोचून दिलेलं कुत्र्याचं पिल्लू निपचित पडलं होतं.

"पार्व्हो आहे हा, पिल्लांची आतडी पोखरणारा रोग. तीन दिवस रक्ताचे जुलाब, आणि आज आणताय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नऊ आठवड्यांचा जीव, पांढऱ्या पेशी संपत आल्यात. कठीण दिसतंय, ताई."

"लस झालेली ना त्याची. मला वाटलं, पोट बिघडलं असेल, म्हणून तांदळाचं पाणी पाजत बसले." निकानोराने लसीचं कार्ड पुढे केलं. "आमचे एलेउतेरिओभाऊ चावट आहेत, पण मुक्या जनावराशी नाही हो खोटं वागायचे."

एलेउतेरिओला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लसीची कुपी एकच होती," तो पुटपुटला. "म्हटलं, एवढुशी पिल्लं, पाव पाव पुरेल. चौघांना वाटली. कुपीवरचं लेबल तुमच्या कार्डावर चिकटवलं."

निकानोराने पिल्लाला उराशी घेतलं.

"बाकीची तिघं कुणाकडे आहेत?"

त्याने खाली मान घालून नावं सांगितली.

"मग इथे काय बसलायस? जा, निदान त्यांना तरी वेळेत घेऊन ये."