सपाट वाटेवर एकशे अडतीस

अम्गराच्या भंगारबाजारात भंगारवाल्या अशरफने एक सायकल बाजूला काढून ठेवली होती. तिला चाक एकच होतं आणि तेही जमिनीला टेकत नव्हतं.

*

छातीवर केस असतील तर इलेक्ट्रोड लावण्याआधी पातं फिरवायचं. मग स्पिरिट. मग बारीक सँडपेपर, कातडी लालसर होईपर्यंत. पेशंट कुरकुरतात. कुरकुरू द्यायचं.

*

माझे वडील फलटणला पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कालव्याला चढ नसतो, असं ते सांगायचे. चढ आला की पाणी थांबतं, आणि पाणी थांबलं की शेवटचा बागाईतदार ऑफिसात येऊन बसतो.

*

"इथे थांबा. पुलाच्या दगडाला हात लावा. दोर घासून खाचा पडल्यात." हे अक्षर माझं नाही.

*

इथे आखातात, साल्मियात, मे महिन्यात दुपारी चप्पल डांबराला चिकटते.

*

१३८.

*

हे सगळं एकाच गोष्टीचं आहे. मला ते असंच सुटं सुटं आठवतं, पण सांगताना सरळ सांगते.

शैलेश माझा नवरा. हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करणारा टेक्निशियन. त्याच हॉस्पिटलात मी ईसीजी काढते. तो गिरगावातला, त्याचे वडील चाळीचा जिना चढताना गेले, सेहेचाळिसाव्या वर्षी. शैलेशला एकेचाळिसावं लागलं तेव्हा त्यानं सिगारेट सोडली आणि व्यायाम शोधायला लागला. बाहेर चालणं चार महिनेच जमतं. उरलेल्या आठ महिन्यांत ऊन नसेल तर धूळ असते.

मग अशरफचा फोन आला. आमच्या हॉस्पिटलातून बाद झालेलं सामान तोच पिकअपमधून नेतो. "शैलेश भाई, आपका पुराना मरीज आया है मेरे पास." ती आमच्याच विभागातली व्यायामाची सायकल होती, जुनी, पट्ट्याच्या ब्रेकची. शैलेशनं शुवैखच्या एका गॅरेजमधून पट्टा मिळवला, बेअरिंग बदललं आणि सायकल हॉलमध्ये खिडकीपाशी ठेवली. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसतात.

डॉक्टर मुक्ता आमच्याच हॉस्पिटलात भूल देतात. इंग्लंडमध्ये सहा वर्षं काढून इकडे आलेल्या. एकट्या. २००२ च्या संक्रांतीला तिळगुळासाठी आमच्याकडे आल्या आणि सायकल बघून म्हणाल्या, "हे काय, भिंतीकडे बघून पाय हलवायचे? कुठेतरी जा की."

"कुठे जाऊ? सातव्या रिंग रोडला?" शैलेश म्हणाला.

"बाथला जा."

"आंघोळीला?"

त्या हसल्या. मीही हसले. तेव्हा मी हसले होते.

*

पुढच्या आठवड्यात त्यांनी घडीचा नकाशा आणून दिला. घड्यांवर फाटलेला, मायक्रोपोर टेपनं चिकटवलेला. इंग्लंडमधल्या बाथ गावापासून डिव्हायझेसपर्यंत एक कालवा आणि त्याच्या कडेनं सायकलची वाट. पूर्वी घोडे होड्या ओढत त्याच वाटेनं जायचे. कालव्यापासून सुटणारे छोटे रस्तेही होते. कुंपणांच्या मधून, एका चर्चवरून, एका पिठाच्या गिरणीवरून. समासात सगळीकडे मुक्ताचं अक्षर. इथे चहा. इथे गाईंना वाट द्या. पाऊस आला तर या झाडाखाली.

शैलेश संध्याकाळी पाचला सायकलवर बसायचा. जितके मैल व्हायचे तितकी नकाशावर पेन्सिलची टिंबं पुढं जायची. गाव संपलं की शंभर पानी वहीत लिहायचा: तारीख, कुठून कुठे, मैल, नाडी. नाडी लिहायला मीच सांगितलं होतं.

सोमवारी माझी दुपारची ड्युटी असायची. सोमवारी मुक्ता यायला लागली.

जानेवारीत "मुक्ता डॉक्टर" होत्या. मार्चमध्ये शैलेशच्या तोंडी नुसती मुक्ता झाली. म्हणून माझ्याही.

*

समिधा, वय नऊ, गृहपाठ करताना.

"मुक्ता मावशी येते तेव्हा काय करते गं?"

"शी रीड्स. बाबा सायकल चालवतो."

"काय वाचते?"

"मॅप. म्हणजे, आता ब्रिज आला. आता डक्स. सो बोरिंग, आई."

"आणि बाबा काय म्हणतो?"

"काही नाही. ही जस्ट स्माइल्स."

"तू कुठे असतेस?"

"इथेच. मी कुठे जाणार?"

*

सोमवार, ११ मार्च. बाथच्या बाहेरून डंडासचा जलसेतू. ५ मैल. नाडी ११२.

बुधवार, १३ मार्च. डंडास ते ब्रॅडफर्ड. साडेचार. ११०.

बुधवार, ३ एप्रिल. ब्रॅडफर्ड ते सेमिंग्टन. ५. १०९.

सोमवार, ८ एप्रिल. सेमिंग्टन ते सीन्ड. २. नाडी १२९.

बुधवार, १७ एप्रिल. सीन्डच्या पुढे. ३. १११.

सोमवार, २२ एप्रिल. डिव्हायझेसपर्यंत. २. नाडी १३८.

मी हे पान धुण्याच्या मशीनवर ठेवून वाचलं. मशीन फिरत होतं, पान थरथरत होतं, आकडे तेच.

नाडी हा माझा रोजचा धंदा. माणूस खोटं बोलतो, नाडीला तेवढी अक्कल नसते. एकच माणूस, एकच यंत्र, एकच वेग, आणि वाट कालव्याच्या काठाची. कालवा म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको होतं. वडिलांच्या जीपमधून मी नीरेचा कालवा मैलच्या मैल पाहिलाय. पाणी झोपल्यासारखं सरळ जातं. जलसेतूही पाहिलेत. अशा वाटेवर एकशे दहा चालणारी नाडी सोमवारी एकशे अडतीस होते. मैल दोनच, तरी.

तिथे चढ नाही. तिथे फक्त मुक्ता आहे.

*

मी काय काय केलं त्याची यादी देत नाही. सोमवारची ड्युटी बदलून मागितली, मिळाली नाही. सोफ्यावरची उशी हुंगली. मुक्ता कोणत्या कपात चहा पिते ते समिधाला विचारलं आणि तो कप कपाटात मागं ठेवला. पुढच्या सोमवारी तो पुन्हा पुढं आलेला.

*

मेच्या पहिल्या आठवड्यात शैलेश जेवताना म्हणाला, "जूनअखेर मुक्ता चाललीय तिकडे. तिची जुनी मित्रमंडळी आहेत, चार जण. खरीच वाट, खऱ्या सायकली. एक आठवडा. मी जाऊ म्हणतोय."

"आणि फलटण?"

"आठ दिवस उशिरा जाऊ. तू आणि समिधा पुढं जा, मी येतो. किंवा तूही चल." हे शेवटचं तो आमटीकडे बघून म्हणाला.

"मी काय करू तिथे? नकाशा वाचायला माणूस आहे तुम्हाला."

"संपदा."

"आमटी घे. गार होतेय."

तिकिटं एजंटकडे धरून ठेवली होती, तेवीस मेच्या गुरुवारपर्यंत. शैलेशच्या वडिलांचा इतिहास म्हणून आमच्या विभागाचे डॉक्टर विजयकुमार त्याला म्हणाले, आधी स्ट्रेस टेस्ट करून घे, मग गाळ हवा तेवढा घाम.

घरच्या माणसाची टेस्ट आम्ही स्वतः करत नाही, दुसरीला देतो. ती दुसरी म्हणजे विजया, आणि ती रजेवर होती. मी सरांना म्हटलं, मी करते.

*

शैलेश उघड्या अंगानं ट्रेडमिलपाशी उभा होता. छातीवर केस. मी पातं फिरवलं नाही. स्पिरिटचा बोळा एकदाच पुसला. सँडपेपर ट्रेमध्येच राहिला. इलेक्ट्रोड केसांवर दाबले.

"आज घासत नाहीस?"

"नवीन इलेक्ट्रोड आहेत. लागत नाही."

यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. तो माझ्याकडे बघत राहिला, मग समोर बघायला लागला.

तिसऱ्या टप्प्यात त्याला घाम आला आणि इलेक्ट्रोड सैल झाले. रेषा डुलायला लागली. वर गेली, खाली बसली. डॉक्टर विजयकुमारनी ईसीजीची पट्टी उचलून धरली, चष्मा वर केला.

"एसटी थोडा नीचे है. या मूव्हमेंट है? संपदा, लीड्स ठीक से लगाए थे?"

"यस सर."

एवढंच. दोन शब्द, त्यातला एक "सर".

एसटी खाली म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असेल; रिपोर्टमध्ये संशयास्पद लिहिलं गेलं. जोराचा व्यायाम बंद, ऑक्टोबरमध्ये पुन्हा टेस्ट. शैलेशनं पट्टी हातात घेतली, एकदा पाहिली, उलटी करून पुन्हा पाहिली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

मुक्ता बोलली. कॉरिडॉरमध्ये मला गाठून. "संपदा, ती पट्टी पाहिली मी. मला तरी हलल्यासारखी वाटते. परत काढ ना, दहा मिनिटांचं काम."

"विजयकुमार सरांनी पाहिलीय."

"हो, पण तू काढलीस ना. तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय करायचंय? वडील गेलेत त्याचे जिन्यावर. तुम्हाला काय, तुम्ही पुढं सायकल हाणाल. मागं कोण पडलं ते तुम्हाला दिसणार नाही."

तिचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. घरी जाताना मी समिधासाठी आइस्क्रीम घेतलं.

*

एकवीस मे, मंगळवार. शैलेश हॉलमध्ये जमिनीवर बसून सायकलच्या गोल खुंटीवरून काहीतरी नखानं सोलत होता. ही खुंटी फिरवली की पट्टा आवळतो आणि पाय जड जातात. तिच्याभोवती ल्युकोप्लास्टचे बारके तुकडे चिकटवलेले, प्रत्येकावर पेननं नाव.

"काय सोलतोयस?"

"लॉकची नावं. अशरफला परत देतो ही. कशाला जागा अडवायची."

"कुलपं?"

"कालव्यावरची लॉक गं. पाण्याचे दरवाजे. होडी आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी भरायचं, होडी वर येते. मग पुढचं दार. जिनाच म्हण. सीन्डला पाच आहेत. डिव्हायझेसच्या आधी एकोणतीस, त्यातले सोळा तर एकापाठोपाठ एक."

"कालवा वर चढतो?"

"मग डोंगरावर गाव आहे, जाणार कसं? वाटही चढते. इथे मी हे आवळायचो. एकेका दाराला एक खूण." त्यानं एक तुकडा नखावर धरून वाचला आणि गोळी करून टाकला. "चढाचे टप्पे सोमवारसाठी राखून ठेवायचो. मुक्ता दारं मोजायची. वर पोचलो की दम लागलेला असायचा. समिधा टाळ्या वाजवायची."

"समिधा म्हणाली बोअर होतं."

"तुला म्हणाली असेल."

मी त्याच्या शेजारी बसले. खुंटी फिरवून पाहिली. पट्टा आवळला, चाक जड झालं. सोडली, हलकं झालं. १०९. १३८. १०९.

*

गुरुवारपर्यंत दोन दिवस होते. खोली माझ्या ताब्यातली, विजया अजून रजेवर, सकाळी सातला मशीन रिकामं असतं. दहा मिनिटांचं काम.

बुधवारी मी सातच्या आधी पोचले. ट्रेमध्ये नवं पातं ठेवलं, स्पिरिट, सँडपेपर. शैलेश खालच्या मजल्यावर वर्कशॉपमध्ये होता; फोन करायला हातही पुढं केला.

मुक्तावरचा राग मला नीट येत होता. तिचं अक्षर होतं, कप होता, सोमवार होता. पण त्या एकोणतीस दारांवर कसं चिडायचं? रोज संध्याकाळी माझ्या हॉलमध्ये, माझ्या एसीखाली, हा माणूस अशा जागी जायचा जिथे दम लागला तरी त्याला भीती वाटत नव्हती. वडिलांसारखा जिना, आणि तो वर पोचून हसायचा. बारा वर्षांत माझ्याबरोबर तो कुठल्या जिन्यावर हसला होता? मी आठवत बसले. पहिला पेशंट येईपर्यंत आठवत बसले.

मग पेशंटला शर्ट काढायला सांगितलं आणि नवं पातं त्याच्यासाठी वापरलं.

*

गुरुवारी शैलेशनं एजंटला फोन करून इंग्लंडचं तिकीट सोडलं. अशरफनं शुक्रवारी सायकल नेली. मुक्ता जूनअखेर गेली आणि परत आल्यावर आमच्याकडे आली नाही. मीही बोलावलं नाही.

ऑक्टोबरमध्ये विजयानं टेस्ट केली. नीट घासून, पंधरा मिनिटं. रेषा स्वच्छ. विजयकुमार सर म्हणाले, "वंडरफुल." शैलेशनं ही पट्टीही घडी करून खिशात ठेवली. पहिली अजून त्याच्या पाकिटात आहे. मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी काढली नाही.

१९८९ च्या मे महिन्यात, साखरपुड्यानंतर, फलटणला शाळेच्या मैदानावर शैलेशला सायकल चालवायला मी शिकवलं. त्याला चार दिवस लागले.