गाभ्याचा दगड

फुलचंदला मी दगड मारला. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? मारला, आणि नेम धरून मारला.

सत्तावनचा उन्हाळा होता. आदल्या दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षा घेऊन आलो, आणि गावाच्या विहिरीपाशी ओंजळ पसरून उभे राहणे सोडून दिले. दारव्ह्याच्या वाटेवर माझ्या नवऱ्याची, डोमाजीची, तीन एकर बरड जमीन होती. तिथे वस्तीने स्वतःची विहीर खणायला घेतली. बापूजी पाटलांनी निरोप धाडला, पाणी लागायच्या आत विहीर बुजवीन. निरोप घेऊन आला त्यांचा माणूस फुलचंद. जाताना तो मेला आमच्या रांजणात थुंकला.

सुरुंगाच्या कामाला दारव्ह्याचे अब्दुल गनी होते. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. वर वीतभर काळी माती, खाली मुरूम, मुरमात गोल गोल धोंडे. धोंड्यावर घण घातला की कांद्यासारखे पापुद्रे सुटायचे. मी विचारले, "गनीभाई, हा दगड सडला का काय?"

"सडलाच ना, भाभी. दिवसा ऊन तापवते, रातच्याले थंडी आवळते, फटीत पानी शिरते. लाखो साल हेच चालू हाय. दगडाचा मुरूम होते, मुरमाची माती. तुमची कपाशी दगडच खाऊन राह्यली." मग पापुद्रे काढत काढत त्यांनी आतला गाभा माझ्या हातात दिला. नारळाएवढा, काळाभोर, जड. "वरचं टरफल भद वाजते. हा टण्ण वाजते. याच्यापर्यंत पानी अजून पोचलंच नाही." तो गाभा मी काठावर, दोराची शिडी बांधली होती त्या खुंट्याशी ठेवून दिला.

आणखी खाली भोकाभोकांचा दगड लागला, भोकांत गारगोटीसारख्या पांढऱ्या गारा. हा सगळा दगड कधीकाळी धरतीच्या पोटातून आलेला उकळता रस होता, भोके म्हणजे त्यातले बुडबुडे, आणि मागून पाण्याने त्यांत गारा भरल्या, असे गनीभाई सांगायचे. जिथून पाणी एकदा गेले तिथून ते पुन्हा जाईल, असा त्यांचा भरवसा. बावीस हातांवर दगड ओला लागला. एकच सुरुंग बाकी होता.

आमच्या मुलखात वात लावण्याआधी काठावर नारळ फोडतात. पूजा ती पूजा, आणि इशाराही तोच. नारळ फुटल्याचा आवाज आला की काठावर कुणी थांबत नाही. आम्ही देव सोडले, तसा नारळही सोडला. त्याऐवजी गनीभाई पहारेवर घणाचे तीन ठोके देत. वस्तीला ते ठाऊक होते. गावालाही सांगून ठेवावे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नाही.

त्या सकाळी तीन ठोके पडले आणि वस्ती दोन शेते पलीकडे लिंबाखाली गेली. डोमाजी वात लावायला खाली उतरला. वात एक विडी ओढून होईल एवढी लांब. मी वर दोराची शिडी धरून उभी. तेवढ्यात बांधामागून फुलचंद आणि चौघे धावत आले. पहिली काठी गनीभाईंच्या डोक्यात बसली, ते आडवे झाले. एकाने मला केसांना धरून मुरमाच्या ढिगावर फेकले. बाकीचे विहिरीत धोंडे लोटू लागले.

डोमाजी शिडीने वर आला होता. काठावर त्याची बोटे दिसली, तशी फुलचंदने त्यांवर टाच दिली.

"वात लागली हाय!" डोमाजी ओरडला. "पळा! मले वर येऊ द्या!"

फुलचंद हसला. "नारळ तं फुटलाच नाही बे. कोनाले बनवून राह्यला?"

"लागली हाय, फुलचंदभाऊ!"

भाऊ म्हणाला. बोटे टाचेखाली असताना. फुलचंदने त्याच तोंडावर काठी घातली.

हाताला आला तो धोंडा मी मारला. फुलचंदच्या पाठीवर तो भद्दकन फुटला आणि मुरूम होऊन गळून पडला. त्याने वळूनही पाहिले नाही. मग मी खुंट्याशी झेप घेतली, गाभा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या गुडघ्यात घातला. हाड मोडल्याचा आवाज आला, आणि मला बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

तो कोसळला. डोमाजी वर आला, तोंडातून रक्ताची धार लागलेली. आम्ही दोघांनी गनीभाईंना काखेत हात घालून धरले आणि ओढत पळालो. आमचे तोंड ज्यांना खोटे वाटले, त्या चौघांना आमचे पळणे मात्र खरे वाटले. तेही पळाले. फुलचंद कोपरांवर सरपटत होता. "रुखमाबाई," त्याने हाक मारली. उभ्या जन्मात पहिल्यांदा मला बाई म्हणाला. माझे हात गनीभाईंच्या काखेत होते. मी ते काढले नाहीत.

जमीन हादरली. आभाळातून दगड पडले. धूर खाली बसला तेव्हा फुलचंदचे डोके राहिले नव्हते, आणि विहिरीच्या तळातून पाण्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी फौजदार आले. त्यांनी विहीर पाहिली, प्रेत पाहिले. डोमाजीची चेचलेली बोटे पाहिली नाहीत. मला म्हणाले, "काय गं, नारळ का नाही फोडला?"

"सायेब," मी म्हणाले, "माह्या नवऱ्यानं दोनदा सांगतलं, वात लागली हाय म्हनून. मानसाचं तोंड होतं ते. याले नारळाचंच आयकाचं होतं. अन् दगड म्या मारला, तेही लिवा."

त्यांनी दगडाचे तेवढे लिहून घेतले.