ब्रेकमधली हवा

सत्याऐंशी साली जाफराबादेत आमच्या शेजारच्या धर्मराजने १९५८ची फियाट अंगणात आणली. आणली म्हणजे बैलं जुंपून. घरात ती दोघांनाच आवडली: धर्मराजला, आणि मागच्या सीटवर अंडी घालणाऱ्या कोंबडीला.

धाकटा भाऊ मच्छिंद्र जालन्याला भंगार वितळवणाऱ्या रोलिंग मिलमध्ये होता. त्याने निरोप धाडला, "शुक्रवारी टेम्पो घेऊन येतो. तवर गाडी उतारावर थांबाय लागली तर ठेव. न्हाई तर भट्टीत." म्हणणं रास्त होतं. मागच्या खेपेला गाडी थांबली होती, पण ती माझ्या गोठ्यामुळे.

धान्याच्या जुन्या कोठीचा पत्रा तोडून धर्मराजने गाडीचा तळ वेल्डिंगने सांधला. तो सांधत असेपर्यंत गल्लीतले दिवे मिणमिणत आणि टीव्हीवरची बातम्यांची बाई बारीक होत जाई. तळ झाला. राहिला ब्रेक. त्यात हवा अडकलेली. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने खाली झोपून चाकामागचा बारका नट ढिला करायचा, बुडबुडे गेले की कसायचा. मगच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला, तर गेलेली हवा पाहुण्यासारखी सामानासकट परत.

आत बसायला घरात एकच माणूस मोकळं होतं, मच्छिंद्रची बायको उषाबाई. आणि ती थोरल्या दिराशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. म्हणून मधे बाजेवर दोघा भावांची आई, चतुराबाई.

"आई, दाबाय सांग!"

"उषे, दाब म्हणतो."

"दाबलं म्हणावं, आत्याबाई."

"दाबलं रे!"

धर्मराज नट ढिला करी. तेवढ्यात सुनेच्या कपाळाला आठी दिसली, की चतुराबाई हळूच म्हणत, "पाय भरून आला आसंल, घे उचलून." आणि मोठ्याने मुलाला, "धरून बसलीय रे!"

सून सासूचं ऐके. हवा संपेना. धर्मराजने वॉशर बदलले, पाइप बदलला, शेवटी गाडीवरून लिंबू उतरवलं.

"बुडबुडे निघून राह्यलेत अन् पेडल तसंच भुसभुशीत," तो मला म्हणाला. "मला तं काहीच कळून न्हाई राह्यलं." मलाही कळत नव्हतं. मी मान हलवली. शेजाऱ्याचं ते कामच असतं.

शुक्रवारी टेम्पो दारात आला. हमालांनी दोर काढले. धर्मराज गाडीखालून बाहेर येईना.

"आई, शेवटचं एकदा दाबाय सांग!"

तेव्हा गाडीतून उषाबाईचा आवाज आला. "दादा, आत्याबाई मला मधीच पाय उचलाय लावत्यात. तुमीच सांगा."

मच्छिंद्र आईकडे बघू लागला, आई सुनेकडे, हमाल दोराकडे. गाडीखाली पाना खणकन पडला. उत्तर द्यावं की तिथेच मरावं, एवढाच धर्मराजला प्रश्न असावा.

शेवटी चतुराबाईंनी निकाल दिला, "गाडीखाली हाय तवर तो दीर न्हाई, मिस्त्री हाय. बोल बाई."

"दाबा," खालून आलं.

"दाबलं."

"धरा... धरा... उचला."

चारही चाकं झटपट उरकली. मग धर्मराज स्वतः स्टिअरिंगवर बसला, मच्छिंद्रने मागून धक्का दिला. गाडी उतारावर सुटली आणि निम्म्यात, जिथे थांबायला काहीच कारण नव्हतं, तिथे थांबली. मच्छिंद्रने टेम्पो रिकामाच परत पाठवला.

धर्मराज खाली उतरला. ओट्यावर उषाबाई पदर सावरून उभी होती. त्याने तोंड उघडलं, मिटलं, इकडेतिकडे बघितलं. मग तो पुन्हा गाडीखाली शिरला.

"बराबर धरलं," खालून आवाज आला.