चोवीस इंची फ्रेम

तेवीस वर्षांच्या बाईचं अंग वाढतं असतं का हो? आमच्या अण्णांच्या मते असतं.

गिरणीचा संप झाला आणि अण्णा, माझे वडील, घरी बसले ते बसलेच. पगार आणणारी मी एकटी. चारकोपच्या एका कंपनीत पॅकिंगला. बोरिवलीहून बसचा भरवसा नाही आणि महिन्यात तीन लेटमार्क झाले की नोकरी गेली. म्हणून सायकल.

दुकानदार शहाणा होता. म्हणाला, "दांडा पायांमध्ये घेऊन ताईंना उभं करा. टाचा जमिनीला टेकून वर दोन बोटं फट राहिली पाहिजे. यांना वीस इंची लेडीज."

अण्णांनी माझ्या पायांकडे बघितलंसुद्धा नाही. "लेडीज घेतली तर उद्या आमचो दादू ती चलवतलो? चोवीस दी. वाढता आंग आसा."

दादू म्हणजे माझा नववीतला भाऊ. आमच्याकडे चपला, फ्रॉक, सगळं असंच मापाच्या पुढचं घेतात. पण मी वाढायची ती केव्हाच वाढून झाले होते!

वाट लागली माझी. ओट्यावर उभं राहून सायकलवर चढायचं. मध्ये थांबायची सोय नाही, पाय पोचतच नाही. चालत्या सायकलवरून उतरायला शिकताना दोनदा कोपर फोडून घेतलं. थांबायच्या जागा दोनच, आमचा ओटा आणि कंपनीच्या गेटाजवळचा कट्टा. तोवर जीव मुठीत धरून नुसतं पायडल मारायचं.

एका मंगळवारी गेटपास घरी राहिला. एक लेटमार्क आधीच लागलेला. अण्णा मधल्या पायवाटेने धापा टाकत नाक्यावर आले आणि हात वर करून ओरडले, "प्रेमा, थांब गो!"

त्यांच्या हातातला पास दिसत होता. तो घ्यायला हात सोडला असता तर तोंडावर पडले असते. "अण्णा, थांबता येत नाही!" ओरडत मी त्यांच्या शेजारून पुढे गेले. रडूच आलं मला. गेटावर वॉचमन भीमराजने अडवलं. अर्ध्या तासाने अण्णा चालत पोचले, तोवर दुसरा लेटमार्क लागला होता.

संध्याकाळी अण्णा म्हणाले, "बापाक बघून पुढे गेलंस. मिळवती झालंस ना!"

माझं डोकंच फिरलं. हाताला धरून त्यांना बाहेर आणलं, सायकल जमिनीवर उभी केली आणि दांडा पायांमध्ये घेतला. "बघा! आता तरी बघा माझ्याकडे!"

चवड्यांवर उभी होते तरी दांडा रुतत होता. अण्णा माझ्या अधांतरी टाचांकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग आत गेले. वाटलं, चला, आता बदलतील सायकल.

सकाळी निघाले तर नाक्यावर अण्णा. शेजारी गुडघाभर उंचीचा काळा दगड. कुठून, कसा ढकलत आणला देव जाणे. तळहात सोललेले, श्वास लागलेला, आणि तोंडभर हसू.

"हयसर थांबत जा," दगडावर थाप मारत म्हणाले.

इतका राग आला होता मला! पण ते हात बघितले. ब्रेक दाबला, दगडावर पाय टेकला, आणि "झकास आहे, अण्णा," म्हणाले.