मार्टिनच्या सणाचा हंस

लढाईच्या काळात एवगेन पोडलोगार दूरच्या एका तटस्थ बंदरात, आपल्या देशाच्या वकिलातीत दुय्यम सचिव होता. गावच्या गुत्त्यात मात्र त्याचा हुद्दा पेल्यागणिक चढे. दुसऱ्या पेल्याला तो राजदूत होई आणि चौथ्याला दोन राजे त्याला विचारल्याशिवाय मिशीला कात्री लावत नसत. परत आल्यावर नव्या राजवटीने त्याला दगड फोडायला धाडलं, तर खाणीतले दगडही फ्रेंच बोलू लागले म्हणे. लागले असतील, आपलं काय जातं!

पण त्याची सगळ्यात मोठी थाप एकाच घरासाठी राखलेली होती. त्याच्या बालमित्राचं, येर्नेयचं घर. येर्नेयची बायको पोलोना दर रविवारी त्याला कॉफी देई आणि तो तिला येर्नेयची खबर देई. येर्नेय अर्जेंटिनात आहे. तिथल्या मधमाश्या चिमणीएवढ्या, त्यांना लगाम घालावा लागतो. येर्नेयला ढेरी सुटलीय. पत्रं काय, सरकार अडवतं. पोलोना ऐकून घेई आणि कॉफीत आणखी साखर घाली.

खरी गोष्ट अगदी चिमुकली होती. येर्नेय लढाईतून जीव घेऊन पळत त्या बंदरापर्यंत पोचला होता. जहाजावर चढायला पासपोर्टवर एक शिक्का हवा होता. तो वकिलातीच्या खिडकीशी आला तेव्हा एवगेन कोट चढवत होता. मार्टिनचा सण होता, त्या दिवशी भाजलेला हंस खायची आपल्याकडची रीत, आणि परदेशात तो मुश्किलीने मिळाला होता. "अरे, सण होऊ दे, उद्या ये. शिक्का काय पळून जातोय?" तो म्हणाला. त्याच रात्री येर्नेय बिनशिक्क्याचा म्हणून पकडला गेला, सरहद्दीपलीकडे शत्रूच्या हवाली झाला आणि पुढे छळछावणीत मेला.

आपल्याकडे घरधनी गेला की कुणीतरी पोळ्याच्या पेट्यांवर टकटक करून मधमाश्यांना सांगतं. नाही सांगितलं तर त्या घर धरत नाहीत. पोलोनाच्या पेट्या एकेक करत रिकाम्या झाल्या होत्या. यंदा एकच उरली. गुत्त्यात कुणी सहज म्हणालं, "माश्यांना काहीतरी कळवायचं राहिलंय तिथे." एवगेनने पेला अर्धाच ठेवला आणि टोपी उचलली.

मार्टिनच्या दिवशी सकाळी पोलोना चर्चला गेली असेल असा हिशेब करून तो परसात शिरला. शेवटच्या पेटीची पाटी येर्नेयनेच रंगवली होती: सैतान सहाणेवर एका माणसाची जीभ परजतोय. एवगेनने टोपी काढली, पेटीवर बोट वाजवलं.

"बायांनो," तो कुजबुजला, "तुमचा धनी गेला."

"त्यांना मी कधीच सांगितलंय."

मागे पोलोना उभी होती, हातात कोबीचा गड्डा.

"वहिनी, तुम्ही चर्चला..."

"हंस कोण भाजणार, देवदूत? छावणीतून सुटून आलेल्या एकाने मला सगळं सांगितलं, लढाई संपली त्याच वर्षी. तुझी खिडकीसुद्धा सांगितली. माश्या रोगाने गेल्या, राजदूतसाहेब. तपासनीस आला होता."

"मग इतकी वर्षं माझं ऐकलंत कशाला?"

"तुझ्या गोष्टीत तो जाड होत होता." तिने पाटीकडे बोट केलं. "त्याने तुलाच रंगवलंय तिथे, बघून घे. आता माश्यांना सांगितलंस तसं मला सांग."

एवगेनने खाकरून घसा मोकळा केला. "त्या दिवशी बंदरावर असा पाऊस होता की मासे रस्त्यावर..."

"मासे नकोत."

"वरिष्ठांचा हुकूम..."

"होता?"

"नव्हता."

"पुढे."

त्याच्या बोटांत टोपीचा चोळामोळा झाला. आयुष्यभर त्याला शब्द कमी पडले नव्हते, आणि आता ते पायात येत होते. "तो आला. मला जेवायला जायचं होतं. मी उद्या ये म्हणालो."

पोलोनाने कोबीचं वरचं वाळकं पान सोलून खाली टाकलं.

"हंस कसा झाला होता?"

बेचव होता, घशाखाली उतरला नाही, असं म्हणायला जीभ वळलीही होती. पाटीवरचा सैतान सहाण धरून वाट बघत होता.

"चांगला झाला होता," एवगेन म्हणाला. "मी दोनदा वाढून घेतला."

पोलोना मान डोलावून आत गेली. दार तिने लावलं नाही, पण 'आत ये' असंही म्हणाली नाही. भाजत्या हंसाचा वास परसभर पसरला, आणि एवगेन टोपी हातात घेऊन पेटीपाशी तसाच उभा राहिला.